गोपनीय माती

११ नोव्हेंबर २००२, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. पेटंटच्या भानगडीत तारखा विचारतात. त्या वेळी तारखा आपल्याकडे असल्या पाहिजेत, दुसऱ्याकडे नाही. ही वही टेबलात ठेवायची नाही. गव्हाच्या कोठीमागे.

विषय: मातीतले जंतू. चिमूटभर मातीत कोट्यवधी असतात आणि ते आपसात भांडतात. एक जण दुसऱ्याला मारायला जे रसायन सोडतो, तेच माणसाच्या कामाचं औषध निघू शकतं. बरीचशी अँटिबायोटिक्स अशीच मातीतून निघाली. आमच्या बॉटनी डिपार्टमेंटमध्ये हे फक्त मला माहीत आहे. लॅबमधल्या पूर्णिमा दाणीलाही माहीत आहे, पण तिचा विषयच मायक्रोबायोलॉजी. विषय असल्यामुळे माहीत असणं वेगळं.

नवीन राज्य झालं, राजधानी झाली, तरी रायपूरच्या नावावर एक औषध नाही. ते काम प्रा. नरहर हिशीकर करून राहिला आहे.

मातीची जागा: ब. (बीरगांव. पूर्ण नाव कुठेच लिहायचं नाही.) भाऊबीजेला इंदूला तिच्या भावाकडे घेऊन गेलो होतो, तेव्हाच काम उरकलं. देवीदासच्या घरामागे कारखान्यांच्या पाण्याची नाली आहे, तिच्या काठची. इतक्या घाण जागी जो जंतू टिकला तो कच्चा नसणार. देवीदासने मला चमच्याने खरवडताना पाहिलं. म्हणाला, जिजाजी, काय करून राहिले? मी म्हणालो, चमचा पडला. तो मान हलवून आत गेला.

मान काहून हलवली असेल?

१५ नोव्हेंबर

माती पलंगाखाली पेपरवर वाळत घातली आहे. इंदूने झाडताना पाहिली. म्हणाली, उंदरांनी खालून फरशी पोखरली वाटते. तसंच समजू दे.

तिच्या पायाच्या अंगठ्याला दिवाळीच्या साफसफाईत पत्रा लागला होता. अजून भरला नाही. शुगर आहे, त्यामुळे वेळ लागतो. गोळ्या सुरू आहेत.

२० नोव्हेंबर

माती पाण्यात कालवून, पातळ करून पेट्री डिशमध्ये पसरली. खाली जंतूंचं खाद्य, वर झाकण. सोपं काम आहे. पहिल्या खेपेला खाद्य गोठलंच नाही, खिरीसारखं राहिलं. पूर्णिमा मागून आली आणि म्हणाली, सर, अगार कम पड़ गया, मैं बना दूं? मी नको म्हणालो. तिने बनवून दिलं.

मग सहज विचारल्यासारखं विचारलं, मिट्टी कहां की है सर? मी म्हणालो, कॉलेजच्या बगीच्यातली. ती म्हणाली, अच्छा.

या मुलीकडे लक्ष ठेवायला पाहिजे. दाणी म्हणजे भोसल्यांच्या काळापासून इथे आलेलं घराणं. मराठी पक्कं समजतं, पण उत्तर हिंदीतून देते. म्हणजे आपण जे बोलतो ते तिला सगळं कळतं, आणि ती मनात काय बोलते ते आपल्याला काही कळत नाही. एकतर्फी व्यवहार झाला.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

मिळाला.

दुसऱ्या डिशमध्ये, कडेला. खडूची भुकटी सांडावी तसा पांढरा ठिपका, वास ओल्या मातीचा. तो उचलून नवीन डिशवर लावला आणि भोवती पू करणारे जंतू पेरले. आज झाकण उघडलं तर सगळीकडे जंतूंची साय धरली आहे आणि याच्याभोवती स्वच्छ मोकळं रिंगण. कोणाची जवळ यायची हिंमत नाही. मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. एवढासा ठिपका, आणि त्याने आपल्याभोवती अंगण झाडून ठेवलं.

डोळ्यांत पाणी आलं. फिनाईलचं असेल.

औषधाचं नाव ठरवलं: हिशीकरमायसिन. इंदूमायसिन असाही विचार आला होता, पण शास्त्रात भावना आणू नये.

पूर्णिमा म्हणाली, सर, बधाई हो. आणि म्हणाली की नवा आहे की जुनाच कोणता, हे आधी पाहावं लागेल, बहुतेक वेळा जुनाच निघतो. तिच्या ओळखीच्या मॅडम नागपूरला आहेत, त्यांच्याकडे पाठवू या का?

म्हणजे पद्धत अशी आहे तर. नागपूरला पाठवायचं, आणि मग नागपूरहून कळणार की सापडला होता, पण नागपूरला.

३ डिसेंबर

बंदोबस्त पूर्ण.

हा जंतू आता तीन काचेच्या नळ्यांत वाढवला आहे. नळ्या लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवण्याशिवाय इलाज नाही आणि त्या फ्रिजला कुलूप नाही. रात्रभर विचार केला. चोर काय शोधतो? किमती दिसणारी वस्तू. म्हणून खऱ्या नळ्यांवर लेबल लावलं: “खराब झालेले. फेकणे.” आणि त्यांच्याशेजारी घरच्या दह्यातून वाढवलेल्या तीन नळ्या ठेवल्या. त्यांच्यावर लाल शाईने: “अति गोपनीय. प्रा. हिशीकर.”

आता कोणी नेलंच तर दही नेईल. या वयात डोकं असं चालतं याचं माझं मलाच बरं वाटलं.

७ डिसेंबर, शनिवार

इंदूला डॉक्टरांकडे नेलं. अंगठा काळपट झाला आहे आणि सूज वर चढली आहे. डॉक्टर म्हणाले, गोळी लागू पडत नाही. पू तपासून घ्या, म्हणजे आत कोणते जंतू आहेत आणि ते कोणत्या औषधाने मरतात ते कळेल. पंडरीतल्या एका पॅथॉलॉजीची चिठ्ठी दिली. म्हणाले, लवकर करा.

लवकर काहून? आणि तीच पॅथॉलॉजी काहून? आमच्या ब्राह्मणपाऱ्यात पॅथॉलॉजी नाही का? मी चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली. यांचे आपसात काय असते ते सगळ्या शहराला माहीत आहे.

शिवाय गरज काय. ज्या जंतूंनी पू होतो, त्यांनाच माझा जंतू जवळ येऊ देत नाही. संक्रांतीपर्यंत अर्क तयार होईल. पहिलं औषध इंदूलाच. तिला हे सांगितलं नाही. अचानक सांगायचं.

इंदू म्हणाली, कधी जायचं पंडरीले? मी म्हणालो, पाहू.

१० डिसेंबर

इंदूने विचारलं, चिठ्ठीचं काय झालं. मी म्हणालो, प्रोसेस सुरू आहे. ती म्हणाली, कशाची? मी वर्गाची वेळ झाली म्हणून निघालो. आज माझा वर्ग नव्हता.

१२ डिसेंबर

संशय पक्का झाला. कॉलेजातून आलो तर दारात पूर्णिमाची स्कूटी. आत ती आणि इंदू, मधलं दार लोटलेलं. मी खाकरलो. बोलणं थांबलं. पूर्णिमा बाहेर आली, नमस्ते सर म्हणाली आणि पर्समध्ये काहीतरी बंद करत निघून गेली. लांबट काहीतरी. नळीच.

घरात नळी नव्हती हे खरं. पण माती आहे, उरलेली, पलंगाखाली.

इंदूला विचारलं, काहून आली होती? म्हणाली, मी बोलावलं होतं. मी म्हणालो, कशासाठी? ती म्हणाली, “तुमाले सांगून काय होते? तुमी पाहू म्हणता.”

माझ्याच घरात फितुरी असेल असं वाटलं नव्हतं. मातीला हात लागलेला दिसत नाही, पण चिमूटभर गेली तर दिसणार कशी?

१४ डिसेंबर, शनिवार

पाळत ठेवली. कॉलेज सुटल्यावर पूर्णिमा घरी गेली नाही. मी स्कूटरने मागे. शास्त्री चौकात जवळजवळ सापडलो होतो, पण तोंडावर रुमाल होता. ती पंडरीत शिरली आणि कापड मार्केटसमोरच्या एका पॅथॉलॉजीत गेली. नाव पाहिलं. चिठ्ठीवरचंच नाव. सगळे धागे एका जागी येऊन राहिले.

समोरच्या दुकानात शिरलो. काचेतून आतलं स्पष्ट दिसत होतं. पण होलसेलच्या दुकानात नुसतं उभं राहू देत नाहीत. भैया, क्या दिखाऊं? मी म्हणालो, पडदे. त्याने गाठोडी सोडली. मी काचेकडे पाहत होतो आणि तो माझ्या नजरेसमोर पडदे धरत होता. मी म्हणालो, हा बाजूला करा. तो म्हणाला, ये पसंद नहीं, तो ये देखिए.

पण जे पाहायचं ते पाहिलं. पूर्णिमाने पांढरा कोट घातला. इन्क्युबेटरमधून एक पेट्री डिश काढली आणि दिव्यासमोर धरली. डिशवर मोकळी रिंगणं. एक नाही, अनेक. माझ्या जंतूची अख्खी वसाहत तिने उभी केली आहे.

दुकानदाराने कापड कापून टाकलं होतं, म्हणून घ्यावं लागलं. मोठाली जांभळी फुलं. इंदू म्हणाली, हे काय आणलं? तिचं अंग गरम लागत होतं. म्हणाली, मले थंडी वाजून राहिली. मी तोच कपडा तिच्या अंगावर टाकला.

१६ डिसेंबर, सोमवार

प्रिन्सिपलसाहेबांना लेखी तक्रार दिली. “बौद्धिक चोरी” हा शब्द तीनदा आला आहे, मुद्दाम ठेवला. उद्या अकराला दोघांना बोलावलं आहे.

संध्याकाळी इंदूला ताप फार चढला. बडबडायला लागली. मी थर्मामीटर शोधत होतो, तेवढ्यात देवीदास आला. तिनेच दुपारी फोन केला असेल. त्याने पाय पाहिला आणि तिला उचलून रिक्षात बसवलं. मीही स्कूटरने मागे गेलो. दवाखान्यात भरती केलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत ताप नाही उतरला तर अंगठा काढावा लागेल, आणि पुढचं पुढे.

देवीदास बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. मला म्हणाला, जिजाजी, चिठ्ठी दहा दिवसांपूर्वीची आहे. मी म्हणालो, पू तपासण्यापेक्षा मोठं काम सुरू आहे, तुला आत्ता समजणार नाही. तो म्हणाला, हव.

या माणसांचं हव म्हणजे होही नसतं आणि नाहीही नसतं.

१७ डिसेंबर, मंगळवार

सकाळी देवीदास म्हणाला, आज तुम्ही थांबा, माझी ड्यूटी आहे. मी म्हणालो, माझी मीटिंग आहे. त्याने ड्यूटी बुडवली.

मीटिंग झाली. जशी झाली तशी लिहितो. इथे खोटं लिहून उपयोग नाही.

मी सगळं सांगितलं. रिंगण, नागपूरच्या मॅडम, पर्समधली नळी, पंडरी. पडद्याचं वगळलं. साहेबांनी पूर्णिमाकडे पाहिलं. तिने पिशवीतून डिश काढून टेबलावर ठेवली. जवळून पाहिली तर तिच्यावर पांढरा ठिपका कुठेच नव्हता. कागदाच्या बारीक चकत्या होत्या, बटणाएवढ्या, आणि त्यांतल्या काहींभोवती रिंगणं.

आणि ती मराठीत बोलली. सावकाश, शब्द जुळवत.

“सर, हे तुमच्या मातीतलं नाही. हे काकूंच्या पायातलं आहे.”

ती म्हणाली, संध्याकाळी ती त्या पॅथॉलॉजीत काम करते, काकूंना ते ठाऊक होतं. काकूंना शर्ट धुताना खिशात चिठ्ठी सापडली, म्हणून त्यांनी बोलावलं. घरी येऊन तिने काडीवर पू घेतला. प्रत्येक चकतीवर वेगळं औषध असतं. ज्या चकतीभोवती जंतू मरून जागा मोकळी होते, ते औषध चालतं. डॉक्टर जी गोळी देत होते, तिच्या चकतीभोवती काहीच नव्हतं. जंतू तिच्यावर चढून बसले होते. “शनिवारच्या रिंगणांची खात्री नव्हती, पुन्हा लावलं, म्हणून उशीर झाला. काल रात्री डॉक्टरांना सांगितलं. औषध रात्रीच बदललं आहे.”

खोलीत पंख्याचा आवाज होता. डिसेंबरात पंखा काहून लावतात कळत नाही.

साहेब म्हणाले, हिशीकरजी, भाभीजी भर्ती हैं? मी हो म्हणालो. ते म्हणाले, तो आप यहां क्या कर रहे हैं?

मी म्हणालो, मीटिंग होती.

बाहेर आल्यावर पूर्णिमा थांबली होती. मला वाटलं, आता ऐकवेल. म्हणाली, सर, मैं स्कूटी से छोड़ दूं दवाखाना? मी म्हणालो, माझी स्कूटर आहे. स्कूटर दवाखान्यातच राहिली होती. चालत गेलो.

इंदू झोपली होती. ताप थोडा उतरलेला. देवीदास स्टुलावर बसून होता, त्याने स्टूल मला दिलं. इंदूने डोळे उघडले आणि विचारलं, जेवले का तुमी? मी हो म्हणालो. तिच्या पायाकडे माझ्याने पाहवलं नाही.

१८ डिसेंबर

झालं ते एका अर्थी बरंच झालं. इंदूच्या पायात जे आहे ते वेगळं, माझा शोध वेगळा. तो कोणी हिरावून घेतलेला नाही हे काल साहेबांसमोरच सिद्ध झालं. आता उघडपणे काम करता येईल. आज नळ्या काढायच्या आणि सरळ नागपूरला पाठवायच्या. पूर्णिमाच्याच हाताने. मन मोठं ठेवायला पाहिजे.

दुपारी

फ्रिजमध्ये दह्याच्या तीन नळ्या आहेत. बाकी कप्पा पुसून स्वच्छ.

लॅबच्या अंजनाबाईला विचारलं. म्हणाली, हव सर, सेमिस्टर संपलं म्हणून सफाई केली, ज्यांच्यावर फेकणे लिहिलं होतं त्या उकळून फेकल्या. तुमच्या गोपनीयला हात नाही लावला.

मी विचारलं, डिश होती, पहिली, तिचं काय? म्हणाली, त्याही धुतल्या. परीक्षेला लागतात.

फेकायच्या आधी विचारायला नको होतं का? तर म्हणाली, तुमचंच अक्षर होतं सर.

२२ डिसेंबर, रविवार

घाबरायचं कारण नाही. जंतू नळीतून गेला, जगातून नाही गेला. पलंगाखालची उरलेली माती घ्यावी म्हटलं, तर दवाखान्यातून इंदू घरी येणार म्हणून देवीदासने सगळं घर फिनाईलने धुऊन काढलेलं. पेपरसकट गेली. मग सरळ ब. गाठलं.

देवीदासच्या घरामागे नाली नाही. म्हणजे आहे, पण सिमेंटची. वॉर्डाच्या मेंबरने पाटीसकट उद्घाटन करून टाकलं आहे. राजधानीचं काम मी आजवर पाहिलं नाही, आणि झालं तर नेमकं इथे झालं. दोन्ही काठ पक्के. मी चमचा घेऊन बराच वेळ उभा होतो. देवीदासची बायको चहा घेऊन आली. म्हणाली, आता मच्छर कमी झाले. मी म्हणालो, चांगलं झालं.

हे उद्घाटन माझ्या तक्रारीच्याच आठवड्यातलं आहे. पाटीवर तारीख आहे. योगायोग असेल. असेलच.

३० डिसेंबर

इंदूच्या पट्टीला मी नेलं. नेतो आहे. डॉक्टर म्हणाले, अंगठा वाचला. नखाची बाजू जरा तिरपी राहील. इंदू म्हणाली, राहू द्या, मले कुठं नाचायचं आहे.

पूर्णिमा पाहायला आली होती. तिला विचारलं, हे जे औषध लागू पडलं, ते कोणत्या कंपनीने शोधलं? म्हणाली, कंपनीचं नंतर सर, हे मूळचं मातीतल्याच एका जंतूचं. पन्नासेक वर्षांपूर्वी कोणाला तरी सापडला होता.

मी म्हणालो, दिसायला कसा?

म्हणाली, असाच असेल. खडूसारखा.

ती गेल्यावर इंदू म्हणाली, चांगली पोट्टी आहे. मी म्हणालो, चांगली आहे. ती आजकाल माझ्याशी मराठीत बोलते. त्यामागे काय हेतू आहे ते कळलं नाही.

१२ जानेवारी २००३, रविवार

नव्याने सुरुवात. या खेपेला कोणतीच गुप्तता नाही, फक्त सावधगिरी. महादेव घाटाकडून नदीकाठची माती आणली, चांगली ओलसर, काळी. परवा गच्चीवर पसरली होती. उद्या पूर्णिमा खाद्य बनवणार आहे, तिला आजच सांगून ठेवलं. लेबलंही तीच लिहिणार, साहेबांचा तसा तोंडी आदेश आहे.

आता माती आणायला वर गेलो तर पेपर रिकामा. कोपऱ्यात जुन्या तेलाच्या डब्यात मिरचीची तीन रोपं लावलेली, पाणी घातलेलं. संशय आलाच. खाली येऊन इंदूला विचारलं, माझी माती कोणी नेली? म्हणाली, मी मिरच्या लावल्या. मी विचारलं, काहून? म्हणाली, माती होती.

एवढी निवडून आणलेली माती. किती समजावलं, ती पोळ्या लाटत राहिली. म्हणाली, सकाळी ऊन चांगलं होतं, म्हणून गेली वर.

लिहिता लिहिता आत्ता लक्षात आलं. गच्चीला जिना आहे, उंच पायऱ्यांचा. म्हणजे त्या पायाने चढूनच गेली असणार. मला हाक मारली नाही.